निळा बाण

डोंगरात वाट दाखवणारा बाण काढायला चांगला हात लागतो, असं लोकांना वाटतं. हाताचं काही नाही हो. बाण तर शाळेतलं पोरगंही काढील. बाणाला गुडघे लागतात. डबा, ब्रश, तारेचा ब्रश, टर्पेंटाईनची बाटली आणि पाण्याच्या दोन बाटल्या पाठीवर घेऊन तीन तास चढायचं, तेव्हा कुठे एक बाण होतो. माझे गुडघे सहा वर्षांपूर्वी संपले. हात अजून शाबूत आहे, पण त्याला विचारतो कोण?

कोपरला स्टेशनपासून जवळच माझं दुकान होतं, सदा पेंटर. दुकानांच्या पाट्या, रिक्षांच्या मागची नावं, लग्नाचे फलक, टेम्पोवरची फुलं, सगळं केलं. आमचं घराणं इथलंच, आजोबा मिठागरावर होते. आमच्यात कुणी डोंगर चढल्याचं ऐकिवात नाही. आमचं तोंड कायम खाडीकडे. त्यामुळे मी डोंगरात जायला लागलो तेव्हा आमची बायको सुलोचना अंगणात उभी राहून ओरडलेली, "घराची भित रंगवाला टाइम नाय, आन् डोंगर रंगवाला चाललास? येडा झालास क?" सगळ्या आळीने ऐकलं. तिचं खरंच होतं, घराची भिंत त्या वर्षीही तशीच राहिली.

आमच्या गच्चीवरून पूर्वी बदलापूरच्या बाजूची सगळी रांग दिसायची. आता समोर टॉवर झाले. दोन टॉवरच्या मध्ये हातभर फट उरलीय, तिच्यातून एकच सुळका दिसतो, तोही थंडीत, सकाळी सातच्या आत. मी रोज जातो बघायला. सुलू म्हणते, देवाला एवढा गेला असतास तर पावला असता. काय सांगू तिला? त्या सुळक्याच्या खाली, डाव्या अंगाला एक माची आहे, माचीवर पायरीचं मोठं झाड आहे आणि तिथे माझा जीव अडकलाय.

मला डोंगरात नेलं लिमये सरांनी. सर डोंबिवलीत भूगोल शिकवायचे आणि एका गिरिभ्रमण मंडळाचे सेक्रेटरी होते. बॅनर रंगवून घ्यायला आले आणि मला विचारलं, "सदाशिवराव, ऑइल पेंट दगडावर किती टिकेल हो?" मी म्हटलं, "दगड बघितल्याशिवाय कसं सांगू?" झालं. पुढच्या रविवारी दगड बघायला गेलो आणि पंचवीस वर्षं बघतच राहिलो.

पहिला बाण मी असा काढला की विचारू नका. पिवळा बाण, त्याला लाल कड, खाली काळी सावली. पाटी रंगवायची सवय दुसरं काय करणार! सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "सुंदर आहे. पण इथे साडीचं दुकान नाहीये." सगळे खो खो हसले. मी खरं तर तिथेच डबा ठेवून निघणार होतो. आमचं डोकं तापायला वेळ लागत नाही. पण सर म्हणाले, "इथे येणारा माणूस दमलेला असतो. त्याला एका नजरेत कळलं पाहिजे. बास." ते मला पटलं.

मग हळूहळू या कामाचे नियम कळत गेले. बाण दिवाळीनंतर मारायचा, तेव्हा कातळ कोरडा असतो. आधी तारेच्या ब्रशने शेवाळ आणि दगडफूल खरवडायचं, नाहीतर पहिल्याच पावसात रंग पापुद्र्यासारखा निघतो. बाण छातीच्या उंचीवर, कारण भाद्रपदात गवत कमरेला लागतं. चढताना दिसणारा बाण उतरताना दिसत नाही, म्हणून प्रत्येक फाट्यावर दोन बाण, येणाऱ्याचा आणि जाणाऱ्याचा. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे जिथे माणूस अडखळत नाही तिथे बाण मारायचाच नाही. मी तासन्‌तास फाट्यावर बसून बघायचो, लोक कुठे थबकतात ते. थबकले की समजायचं, इथे आपलं काम.

एक नियम मात्र मी शिव्या खाऊन शिकलो. सुट्या दगडावर बाण मारायचा नाही. दुसऱ्याच वर्षी एका उतारावर मला कंटाळा आला. कातळ वर होता, कोण चढणार म्हणून कंबरेएवढ्या एका धोंड्यावर बाण मारून मोकळा झालो. पावसाळ्यात खालची माती गेली, धोंडा फिरला आणि बाण थेट करवंदीच्या जाळीकडे तोंड करून बसला. ठाण्याचा एक ग्रुप बिचारा इमानेइतबारे त्या जाळीत घुसला. त्यातल्या एक बाई, बँकेत अधिकारी होत्या, त्या पत्ता काढत कोपरला आल्या. दोन्ही हात ओरखडलेले. दुकानात रिक्षावाले उभे, त्यांच्यासमोर त्या म्हणाल्या, "सदा पेंटर म्हणजे तुम्हीच का? तुम्हाला स्वतःच्या घराची वाट तरी माहितीये का?" माझी जी काही उरलीसुरली इज्जत होती ती त्या दिवशी गेली. पुढे त्याच बाई दर वर्षी माझ्यासाठी रंगाचा डबा द्यायच्या, हेही सांगितलं पाहिजे.

आता थोडं दगडाबद्दल, कारण पुढच्या गोष्टीला ते लागेल. लिमये सर सांगायचे, आपला हा सगळा डोंगर म्हणजे थंड झालेला लाव्हा. एकदा आला, थिजला. मग पुन्हा आला, त्याच्यावर थिजला. ताटात घावनं एकावर एक ठेवावीत तसे थर. म्हणून आपल्याकडे कडा, मग सपाट माची, पुन्हा कडा, अशा पायऱ्या दिसतात. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल मातीचा पट्टा असतो, विटेच्या रंगाचा. पाणी वरच्या काळ्या दगडाच्या भेगांतून उतरतं आणि त्या पट्ट्यावर येऊन अडतं. "उन्हाळ्यात पाणी हवं असेल तर लाल शोधा," असं सर म्हणायचे. आमच्या मंडळात वाटेचा बाण पांढरा आणि पाण्याचा निळा, अशी रीत होती. पांढरा चुकला तर माणूस भटकतो. निळा चुकला तर जिवावर बेततं. निळ्याला मी फार जपायचो.

आणि तोच निळा मी एकदा जाणूनबुजून वाकडा मारला. ही गोष्ट मी आजवर कुठे लिहिली नाही.

त्या सुळक्याखालच्या माचीवर ठाकरांची वाडी होती. वाडी कसली, तीन घरं. त्यातल्या दोन घरांतली माणसं खाली राहायला गेलेली. एका घरात सोमीबाई. नवरा वारलेला, मुलगा अंबरनाथला कंपनीत. पायरीच्या झाडापाशी वाटेला फाटा फुटायचा आणि सुळका तिथून दिसायचाच नाही, त्यामुळे प्रत्येक जण तिथे थबकायचा. मग कुणीतरी तोंडाशी हात धरून हाक मारायचं, "ओ आजी! वाट कुठली? पाणी आहे का?" आणि झाडीच्या मागून आवाज यायचा, "हाय, हाय! या!"

मीही तसाच पहिल्यांदा गेलेलो. सारवलेला ओटा, कुडाची भिंत, दारात हंडा. तांब्याला हात घातला तर तिने हातावर चापट मारली. "आदी बस. घाम निवू दे. मंग पानी." पाहुणा असो, मंत्री असो, हाच कायदा. मग माणूस दहा मिनिटं बसायचा, आणि त्या दहा मिनिटांत ती त्याची सगळी जात-पात, गाव-शिव, लेकरंबाळं विचारून घ्यायची. पाणी गोड आणि थंडगार. मी विचारलं, "कुठून आणता?" ती म्हणाली, "लांब हाय. तुला नाय जमायचं."

मी माझं काम केलं. पायरीच्या झाडासमोर चांगला कातळ होता, त्यावर पांढरा बाण मारला, सुळक्याकडे. लोकांची सोय झाली. मंडळात माझं कौतुक झालं.

पुढच्या वर्षी रंग ताजा करायला गेलो. ओट्यावर बसलो, तर सोमीबाई बोलेना. तांब्या पुढे ठेवला, "बस" सुद्धा म्हणाली नाही. मी विचारलं, "काय झालं आजी?"

"तू काय केलंस रं रंगवाल्या?"

"काय केलं?"

"मानसं हाक मारीत नाय आता. त्या दगडाकं बघतात न् जातात. मी हितं बसून ऐकते त्यांचं बोलनं. हसत जातात. कोन वळत नाय."

मी पंचवीस-तीस माणसांना चुकण्यापासून वाचवलेलं आणि एका बाईची रविवारची सगळी माणसं तोडलेली. तिने भांडण केलं असतं तर मीही भांडलो असतो, भांडणात मी कुणाला ऐकत नाही. पण ती नुसती हंड्याकडे बघत बसली.

उतरताना मी फाट्यावर थांबलो, निळा डबा उघडला आणि तिच्या घराकडे बाण मारला. वर ठसठशीत लिहिलं, पाणी. खोटं नव्हतं म्हणा, पाणी तिच्याकडे होतंच. पण घरातलं पाणी म्हणजे पाणवठा नव्हे, त्याला निळा बाण मारायचा नसतो. शिवाय बसणं धरून वाट पाव तासाने लांबत होती. मंडळात बोंब झाली. लिमये सरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सदाशिवराव, हा बाण नियमात बसतो का?" मी म्हटलं, "नाही बसत," आणि सोमीबाईचं सगळं सांगितलं. "माणूस ओट्यावर बसतो ना? मग राहू दे," सर म्हणाले आणि तो विषय पुन्हा काढला नाही. सर गेले त्याला आता बरीच वर्षं झाली.

त्यानंतर किती वर्षं तो बाण मी ताजा करत राहिलो! एक गृहस्थ भेटले, त्यांना बाणाखाली स्वतःच्या वडिलांचं नाव हवं होतं, वाट वडिलांनी शोधली म्हणून. एका जोडप्याने माझ्याकडे ब्रश मागितला, दगडावर बदाम काढायला. मी ब्रश घेऊन त्यांच्या मागे धावलो. सगळ्या गमती मी सोमीबाईला सांगायचो. ती मला सांगायची कोण कोण येऊन गेलं: कल्याणची मास्तरीण, दाढीवाला डॉक्टर, एक पोरगी जी ओट्यावर बसून रडली आणि मग पोटभर जेवली. असा ओटा मला पुन्हा कुठे मिळाला नाही. घरात असतो, नातवंडं असतात, टीव्ही चालू असतो, तरी मन त्या ओट्यावर जाऊन बसतं. खोटं कशाला बोलू, मला डोंगराची आठवण येते ती कड्याची, सुळक्याची नाही. "आदी बस" म्हणणाऱ्या त्या आवाजाची येते.

मग माझे गुडघे गेले. त्याच सुमारास तिला दिसेनासं झालं आणि मुलाने तिला अंबरनाथला आणलं, हे मला एका दूधवाल्याकडून कळलं. अंबरनाथ म्हणजे काय लांब आहे? पण मी गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत सहा वर्षं घालवली. खरं कारण हे की डोंगराशिवायची सोमीबाई मला बघायचीच नव्हती.

गेल्या पावसाळ्यानंतर बाळकुमची एक मुलगी घरी आली, तन्वी. आमच्याच मंडळात आता ही नवी मंडळी काम बघतात. दिवाळीनंतर सगळे बाण नव्याने मारायचे म्हणून माहिती घ्यायला आलेली. तिने मोबाइल काढला आणि नकाशावर एक निळी रेघ दाखवली. कोणी चालत गेलं की मोबाइल त्याच्या वाटेची रेघ ओढतो म्हणे, आणि पुढचे लोक त्या रेघेवरून चालतात.

"काका, हे बघा ना. सगळी वाट सरळ आहे. इथेच हा असा पोटासारखा फुगवटा का आलाय? सगळ्यांच्या ट्रॅकमध्ये आहे. तिथे काहीच नाहीये, नुसतं जोतं आहे पडक्या घराचं."

मी चष्मा लावून बघितलं. ती रेघ पायरीच्या झाडापासून वळून सोमीबाईच्या ओट्यापर्यंत गेलेली आणि तिथून परत वाटेला लागलेली. घर नाही, बाई नाही आणि लोक अजून जाऊन येतात.

"चांगलं आहे की," मी म्हटलं.

"चांगलं कसलं काका! एप्रिलमध्ये आमच्या ग्रुपचं पाणी संपलं. तिथे निळा बाण आहे, पाणी लिहिलंय. आम्ही गेलो, तर फुटका माठ. एकाला चक्कर आली, त्याला खाली आणताना आमची वाट लागली. तो बाण ज्याने कुणी मारलाय ना, त्याला..."

"मी मारलाय," मी म्हटलं.

तिने मोबाइल खाली ठेवला. सुलू चहा घेऊन आलेली, ती दारातच थांबली. मी आधी भडकलो, एप्रिलमध्ये कमी पाणी घेऊन डोंगरात जायला कुणी सांगितलं वगैरे बोललो. पण बोलताना मलाच कळत होतं की चूक माझी आहे. निळा बाण जिथे दाखवतो तिथे पाणी नाही, याच्यापेक्षा मोठा गुन्हा आमच्या कामात नाही. मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "मग काढायचा ना काका तो?" मी म्हटलं, "दोन दिवस थांब. मला एकीला विचारायचंय."

दुसऱ्या दिवशी अंबरनाथला गेलो. दूधवाल्याने सांगितलेल्या चाळीत, शेवटच्या खोलीच्या दारात सोमीबाई पायरीवर बसलेली. डोळे पांढरट झालेले. मी म्हटलं, "आजी, ओळखलं का?" तिने मान तिरकी केली आणि म्हणाली, "रंगवाल्या, लई उशीर केलास रं." मी तिथेच खाली बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. तिने मला रडू दिलं. मग सुनेला हाक मारून म्हणाली, "पानी आन. पन आता नको देऊस, घाम निवू दे त्याचा."

मी तिला सगळं सांगितलं. लोक अजून तुझ्या दारात जातात, म्हटलं. मला वाटलेलं, ती खूश होईल. तिचा चेहराच उतरला.

"मंग त्यांना पानी कोन देतं?"

त्या चक्कर आलेल्या मुलाचंही सांगितलं. तिने हात चोळले. मग म्हणाली, "पूस तो बान. पूस. न् दुसरा मार. झरा वाटंवरच हाय."

"वाटेवर? तू तर लांब आहे म्हणालेलीस!"

"पायरीच्या झाडापास्नं धा पावलांवर हाय. कपारीत, लाल मातीवर. मी कारवीच्या फांद्या टाकून ठेवायचे वर."

"अगं आजी, मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं, तर तू परस्पर पानी पिऊन गेला असतास. माज्या वट्यावर कोन बसलं असतं?"

मी तिच्यासाठी नियम मोडला म्हणून इतकी वर्षं मनात चोरटेपण बाळगलेलं, आणि या बाईने माझ्याही आधी अख्खी वाट वळवून ठेवलेली! मला असं हसू आलं की सून बाहेर आली बघायला. सोमीबाईही हसायला लागली, पदर तोंडाला लावून. मी विचारलं, "कुठल्या अंगाला दहा पावलं?" तर हसू आवरून म्हणाली, "ते नाय सांगनार. ती पोरगी तितं पोचली की सांगीन. तिलाच."

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी मी पुन्हा चाळीतल्या त्या दारातल्या पायरीवर जाऊन बसलो, सोमीबाईच्या शेजारी. सकाळी अकराच्या सुमारास तन्वीचा फोन आला. त्या माचीवर रेंज चांगली मिळते, समोर अंबरनाथ-कल्याण उघडं पडलेलं असतं. मी फोनचा आवाज मोठा केला आणि आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला.

"काका, पोचलो आम्ही फाट्यावर. आधी काय करू?"

"आधी माझा बाण खरवड," मी म्हटलं.

तारेचा ब्रश कातळावर घासल्याचा आवाज यायला लागला. तो आवाज मी आयुष्यभर काढला, पण असा लांबून कधी ऐकला नव्हता. बराच वेळ चालला. मी चांगला घट्ट मारलेला तो. सोमीबाईने माझा हात धरून ठेवला.

"झालं काका. गेला सगळा. आजी आहेत का? आजी, आता सांगा, झरा कुठे आहे?"

सोमीबाई फोनच्या अगदी जवळ वाकली. "अशी नाय. पयल्यासारखी हाक मार."

"म्हणजे?"

मी तन्वीला समजावून सांगितलं. पलीकडे कुजबुज झाली, कुणीतरी हसलं, मग सगळे एकदम गप्प झाले. आणि सहा-सात जणांची हाक आली, त्या फोनमधून, चाळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जाईल एवढी.

"ओ आजी! पाणी आहे का?"

सोमीबाई ताठ बसली. तिने डोक्यावरचा पदर नीट केला, तोंड फोनकडे नाही, तर समोर डोंगर असतील त्या दिशेला वळवलं, आणि छाती भरून आवाज दिला.

"हाय, हाय! या! न् आदी बसा जरा. घाम निवू द्या. मंग सांगते."